हटवार सरांची आवाजाची खोली

हटवार सरांच्या तुमसरच्या घराला तीन खोल्या होत्या. एकीत स्वयंपाक व्हायचा. दुसरीत सर, वहिनी, त्यांची एकुलती एक मुलगी कुंदा आणि वर्षभराचं धान असे सगळे मिळून राहायचे. तिसरी खोली, म्हणजे सगळ्यांत मोठी, आवाजासाठी राखून ठेवली होती. आवाज काही तिथे रोज यायचा नाही, पण आलाच तर त्याची गैरसोय होऊ नये याची सरांनी पुरेपूर काळजी घेतली होती.

मी त्यांच्या शेजारी राहायचो आणि त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो. ते विज्ञान शिकवायचे. उंच, किडकिडीत, खादीचा अर्ध्या बाहीचा सदरा, आणि मान सदैव जराशी डावीकडे कललेली. त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा चांगला होता म्हणे, म्हणून जगाकडे ते उजवा कान करून असायचे. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत आणि शाळेचं फाटक ओलांडलं की आपल्या गावच्या मराठीवर येत. मला सगळे बापू म्हणतात, तेही म्हणायचे.

या खोलीचं मूळ नागपुरात होतं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास तिथल्या फुटपाथवर सरांना एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात घरच्या घरी गाणं ऐकण्याची खोली कशी बांधावी यावर लेख होता. लेखाची शेवटची पानं फाटलेली होती. साधा माणूस अशा वेळी मासिक रद्दीत टाकतो. सरांनी उरलेला लेख स्वतःच्या डोक्यानं पुरा करायचं ठरवलं, आणि त्यात त्यांची बारा वर्षं गेली.

"बापू, लोकं मशीन घेतेत, तबकड्या घेतेत, आन् खोली तशीच ठेवतेत," ते म्हणायचे. "अरे, खोलीच तं खरं वाद्य आहे. बाकी सारा तारांचा गुंता."

तारांचा गुंता, म्हणजे तबकड्या वाजवायचं मशीन, त्यांना जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधल्या एका हौशी मित्रानं करून दिला होता. स्पीकरसाठी सागवानी फळ्यांची दोन खोकी सरांनी स्वतः ठोकली होती. तबकड्या होत्या सात. सगळ्या शास्त्रीय गायनाच्या, आणि त्यांतली एक तडकलेली.

वहिनींचं या खोलीबद्दल एकच म्हणणं होतं, आणि बारा वर्षांत त्यांनी ते बदललं नाही. "ते खोली पोरीले द्या जी," त्या म्हणायच्या. "पोरगी ओसरीवर अभ्यास करते. गावभरच्या सायकली मोजते आन् नापास होते." सरांचं उत्तरही ठरलेलं होतं. खोलीत टेबल ठेवलं तर टेबल थरथरतं, खुर्ची ठेवली तर खुर्ची बोलते, आणि पोरगी ठेवली तर दोन्ही ठेवावं लागतं. थोडं काम राहिलं आहे, ते झालं की बघू. कुंदा ओसरीवरच मॅट्रिक झाली, तिचं लग्नही ओसरीवरच ठरलं, आणि सरांचं थोडं काम राहिलेलंच होतं.

त्या लेखात लिहिलं होतं की समोरासमोरच्या भिंती एकमेकींना समांतर नसाव्यात, नाहीतर आवाज दोघींच्या मध्ये अडकून नुसता येरझारा घालतो. सरांनी एक भिंत पाडून तिरपी बांधायला काढली. गवंडी होता सदाराम. त्याला सरांनी जमिनीवर खडूनं रेघ आखून दिली आणि शाळेत गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर भिंत ओळंब्यात, दोरीत, एकदम सरळ. सरांनी पाडायला लावली. दुसऱ्या दिवशी परत सरळ. सरांना वाटलं, रेघ पुसली गेली असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि खाट टाकून समोर बसले. तेव्हा सदाराम थापी खाली ठेवून म्हणाला, "सर, तुमी रेघ मारता ते मले दिसते. पण असी तिरपी भिंत लोकाईनं पाह्यली तं मले कोणी काम देईन का? म्हणतीन, सदाराम दारू पिऊन बांधते."

शेवटी तोडगा निघाला. सरांनी त्याला लिहून दिलं की भिंत तिरपी आहे ती मालकाच्या सांगण्यावरून आहे आणि गवंड्याचा त्यात दोष नाही. खाली सही, आणि हुद्दा म्हणून 'विज्ञान शिक्षक'. सदारामनं तो कागद पुढे कितीतरी दिवस खिशात बाळगला होता. तरी त्या गल्लीतून जायची वेळ आली की तो पलीकडच्या बाजूनं जायचा.

भिंत तिरपी झाली तरी खोली 'वाजत' होती. हा सरांचा शब्द. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की ते एक टाळी वाजवायचे आणि मान कलती करून ती टाळी कुठे कुठे जाऊन येते ते ऐकायचे. शाळेत, पोस्टात, बँकेत, लोकांच्या घरी, सगळीकडे. मुख्याध्यापकांचे वडील वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. उंच छताची मोठी खोली, भिंतींना नवीन चुना, बायका एका कडेला बसलेल्या. सरांनी आत शिरताच टाळी वाजवली. सगळं घर रडायचं थांबलं. सर खाली बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "लय घुमते." मी मुख्याध्यापकांना सांगितलं की सरांना अलीकडे डास फार चावतात. त्यांनी ते मान्य केलं, कारण दुसरं काय मान्य करणार.

मग आला कोंडा. तुमसरला राइस मिलांच्या मागे धानाच्या फोलपटांचे ढीग असतात, कोणी नेलं तर मिलवाले आभारच मानतात. सरांनी चारही भिंतींच्या आतून वीतभर अंतर सोडून बांबूचे ताटवे उभे केले, मधल्या जागेत कोंडा ठासून भरला आणि वरून बारदाना शिवला. खिडकी विटांनी बुजवली. दाराला जुन्या गोधड्या ठोकल्या, आणि कोणी ते उघडं टाकू नये म्हणून कप्पीवरून दोरी घेऊन तिला वाळूचं पोतं टांगलं, म्हणजे दार आपोआप घट्ट बंद होई. आतून ओढून उघडायला मला दोन्ही हात लागायचे. सर म्हणाले की आता बाहेरचा आवाज आत येणार नाही आणि आतला बाहेर जाणार नाही. मी म्हणालो, सर, आत आवाज आहेच कुठे.

त्या पावसाळ्यात छपराचे कवेलू सरकले आणि उत्तरेच्या भिंतीत पाणी झिरपलं. मिलच्या कोंड्यात न भरडलेलं धानही थोडं राहतंच. पंधरा दिवसांनी सरांच्या ध्वनिशास्त्रातून हिरवेगार कोंब बाहेर आले. बारदान्याच्या विणीतून वीतभर उंचीचं धान, अगदी रोवणीच्या रोपांसारखं, म्हणजे पऱ्ह्यासारखं, छातीच्या उंचीवर आडवं वाढलेलं. वहिनींनी दारात उभं राहून पाहिलं. "बरं झालं जी," त्या म्हणाल्या. "यंदा बांधीत पऱ्हं कमीच पडून राह्यलं होतं. इथलंच उपटून रोवणा करू." सरांनी तो कोंडा काढून वाळवला, चाळला आणि परत भरला. गणपतीची सुट्टी त्यात गेली.

तरी आवाज त्यांच्या मनासारखा होईना. मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की मी आत असताना खोली बरी वाजते. त्यांनी मला उठवलं, बाहेर काढलं, परत बसवलं. मग अत्यंत आदरानं म्हणाले, "बापू, तुमचं अंग मऊ आहे. मऊ वस्तू आवाज पिते. तुमच्यासारखे चार जण पाह्यजेत."

अशा रीतीनं दर रविवारी आम्हा चौघांना निमंत्रण येऊ लागलं. मी, पोस्टमास्तर, एक अडत्या आणि ड्रॉइंगचे सर. चौघेही अंगानं भरलेले. कोणाला गाण्यातलं कळतं हा प्रश्नच नव्हता. "ऐकू नका, नुसते बसा," असं सर स्वच्छ सांगायचे. टेरिकॉटचे शर्ट घालून यायला बंदी होती, कारण त्यावरून आवाज घसरतो. सुती घालायचं आणि वर घोंगडी घ्यायची. पंखा नाही, कारण पंखा बोलतो. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी जास्त सांगत नाही. बंद खोलीत घोंगडी पांघरून चार जाडे पुरुष बसलेत आणि पाचवा मान वाकडी करून उभा आहे, हे दृश्य वहिनी सोडून कोणी पाहिलं नाही, म्हणून आमची अब्रू राहिली.

आणि गाणं म्हणाल तर तेही पुरतं कधी झालं नाही. तबकडी तीन-चार मिनिटं वाजली की सर सुई उचलायचे, पोस्टमास्तरांना दोन बोटं मागे सरकवायचे आणि परत पहिल्यापासून. बारा वर्षांत मी सात तबकड्यांच्या सुरुवाती ऐकल्या. त्यांचा शेवट काय होतो ते मला आजही ठाऊक नाही. एकदा एका जागेवर मी न राहवून 'वा' म्हणालो. सर दुखावल्या चेहऱ्यानं म्हणाले, "आत्ता जमूनच राह्यलं होतं बापू."

मी ही सगळी गंमत शाळेत रंगवून सांगायचो. खोली चालत नाही, चालणार नाही, एका माणसाच्या हट्टापायी घरातली दोन माणसं धानाच्या खोलीत आणि ओसरीवर दिवस काढतात, असं माझं मत होतं आणि ते मी लपवून ठेवलेलं नव्हतं. सरांच्या तोंडावर मात्र बोललो नाही. रविवारी त्यांच्याकडे वहिनींच्या हातचा चहा मिळायचा.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात कुंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, आणि चौथ्या दिवशी तिला घरी आणायचं ठरलं. आता प्रश्न आला तो खोलीचा. जानेवारीची थंडी, धानाची खोली गार आणि उंदरांची, स्वयंपाकघर धुराचं. ओसरीवर अभ्यास होतो, बाळंतपण होत नाही. वहिनींनी या वेळी विनंती केली नाही. "पोरगी त्या खोलीत राहीन," एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

सर दोन दिवस जेवले नाहीत. धुरीनं तबकड्या खराब होतील, दुपट्यांच्या ओलीनं कोंड्याला बुरशी धरेल, बारा वर्षांची मेहनत सव्वा महिन्यात जाईल, असं ते मला कुंपणापाशी येऊन सांगत. मी म्हणालो, तुमची लेक आहे सर. ते म्हणाले, "म्हणूनच तं जेवन जाऊन नाही राह्यलं." ते ऐकून मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली.

हा पेच सोडवला सखूबाईनं. सखूबाई म्हणजे बाळ-बाळंतिणीला शेकणारी, न्हाऊ घालणारी म्हातारी. ती खोली बघायला आली. कोंड्याच्या भिंतींवर हात फिरवला, बुजवलेली खिडकी पाहिली, दार ओढून पाहिलं, मध्यभागी उभी राहिली. मग म्हणाली, "मास्तर, इतक्या वर्साची मी बाळंतिणी पाहून राह्यली. असी खोली मालगुजाराच्या घरी बी नाई पाह्यली. वाऱ्याचं नाव नाई. किती जीव लावून बांधली जी."

बारा वर्षांत त्या खोलीचं मनापासून कौतुक करणारी ती पहिलीच. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला भिंतीच्या तिरपेपणापासून वाळूच्या पोत्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं आणि तिनं प्रत्येक वाक्याला 'हो जी' म्हटलं. संध्याकाळी सरांनी स्वतः खोकी, मशीन, तबकड्या बाहेर काढल्या आणि आत खाट टाकली. कुंदाला पहिल्यांदा खोली मिळाली.

सोयर होतं, त्यामुळे बाराव्या दिवसापर्यंत सरांना आत जायची परवानगी नव्हती. ते दाराबाहेर ओसरीवर बसून असायचे. त्यातही त्यांना अभिमान होता. "पोरगं रडते की नाही ते समजत बी नाही बापू," ते म्हणायचे. "एवढी खोली जमली."

नववा दिवस रविवार होता. दुपारची वेळ. सर आणि मी ओसरीवर चाचणीचे पेपर तपासत होतो. खोलीचं दार आमच्यापासून चार पावलांवर. वहिनी स्वयंपाकघरात, म्हणजे भिंतीच्या पलीकडेच, कुंदासाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. सकाळी सखूबाई शेक देऊन गेली होती आणि जाताना निखाऱ्यांची गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, नेहमीसारखी खाटेखाली सरकवून गेली होती. पण त्या दिवशी थंडी जास्त म्हणून निखारे दुप्पट घातले होते आणि दार ऊब जाऊ नये म्हणून सकाळपासून उघडलंच नव्हतं. ऊन छान होतं. सर एका मुलाच्या उत्तरावर हसले आणि त्यांनी ते मला वाचून दाखवलं.

वहिनी लाडवाची वाटी घेऊन दाराशी गेल्या. दार ढकललं तर अर्धंच उघडलं. पलीकडे काहीतरी अडत होतं. ते काहीतरी म्हणजे कुंदा होती. बाळाला छातीशी धरून दाराला टेकून पडली होती, आणि हातात पितळी तांब्या होता.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. आम्ही दोघांना ओढून ओसरीवर आणलं. कुंदाचे ओठ विचित्र लाल दिसत होते. बाळ हात-पाय हलवत नव्हतं. सरांनी त्याला उन्हात पालथं धरून पाठ चोळली, तळवे चोळले, आणि किती वेळानं कोण जाणे, ते कण्हलं, मग रडलं. मी सायकलवरून डॉक्टरांना आणायला धावलो. डॉक्टर आले, त्यांनी दोघांना तपासलं, अजून पाव तास गेला असता तर काही खरं नव्हतं असं म्हणाले, आणि उघड्यावर ठेवा असं सांगून गेले. बंद खोलीत निखारे ठेवले की हवा विषारी होते. तो धडा सर नववीला दर वर्षी शिकवायचे, आणि चांगला शिकवायचे.

कुंदाला नीट शुद्ध आली तेव्हा ती सरांकडे बघून म्हणाली, "बाबा, मी कितीक आवाज देले तुमाले, मायले बी 'माय वं' म्हणून देले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होतं. "डोकं गरगराले लागलं तवापासून देऊन राह्यली होती. दार ओढलं तं उघडे ना. भिंतीवर तांब्या बी ठोकला. तुमी हासून राह्यले होते का बाहेर?"

तिला हसणं ऐकू गेलं नव्हतं, ते शक्यच नव्हतं. तिनं अंदाज केला होता. बारा वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की ही खोली चालत नाही, आणि त्या दुपारी पेपर तपासत तिच्याबाहेर चार पावलांवर मीही बसलेलो होतो. मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

सर उठले. दाराची दोरी विळ्यानं कापली, पोतं धपकन खाली पडलं. मग मागच्या अंगणातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली आणि स्वयंपाकघरात जाऊन मधल्या भिंतीवर घाव घालायला सुरुवात केली. लाडवाचं ताट वहिनींनी उचलून बाजूला केलं. विटा निघाल्या, त्यामागचा ताटवा फाटला, आणि कोंडा भळाभळा बाहेर येऊन सरांच्या पायांवर, चुलीवर, सगळीकडे पसरला. खिडकीएवढं भोक पडलं तेव्हा सर थांबले. धापा टाकत वहिनींना म्हणाले, "तू आत जा. तिच्या खाटेवर बस. आन् आवाज दे."

वहिनी आत गेल्या. त्या खोलीत त्यांना 'बोल' असं त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. "काय म्हणू?" त्यांनी आतून विचारलं.

"कुंदानं म्हटलं तेच म्हण."

"माय वं," वहिनी म्हणाल्या.

"एवढं मोठ्यानं नाही. तिच्यात ताकद नव्हती."

"माय वं."

"आणखी हळू."

या वेळी मला काही ऐकू आलं नाही, आणि मी सरांच्या खांद्याला लागून उभा होतो. सरांनी मान डावीकडे केली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "आलं." वहिनी भोकातून म्हणाल्या, "मंग झालं ना जी आता. बस करा."

सरांनी सब्बल परत उचलली. कुंदा आणि बाळ ओसरीवर उन्हात झोपले होते. मी घरी जायला निघालो तेव्हा हटवार सर गुडघाभर कोंड्यात उभे होते, रडत होते आणि एकेक वीट काढत होते.